मृत समुद्राचं पाणी आणि एक पेला चहा

इस्रायलमधल्या बेरशेबातल्या आमच्या वसाहतीत त्या मंगळवारी दुकानं बंद, शाळा ओस. सगळी वस्ती पिठाच्या जुन्या गोदामात लोटली होती. मृत समुद्राकाठी दोन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या शुभ्रवस्त्री पंथाच्या पोथ्या गुहांत सापडल्याचं सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं. आता पांढरा झगा घातलेला कुणी नहोराई नावाचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणत होता, खरी पोथी माझ्याचजवळ आहे.

"विद्वानांना सापडली ती टरफलं!" तो गरजला. "दाणा माझ्याकडे आहे!"

चमत्कार असा : आदल्या दिवशी आजाऱ्याचं आणि त्याच्या आईचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आम्ही ज्यू प्रार्थनेत घेतो तसं. दुसऱ्या दिवशी नहोराई पोथीतलं एक कोरं कातडं धरायचा, त्यावर समुद्राचं पाणी शिंपडायचा आणि काळीभोर अक्षरं उमटायची. सर्वांत वर देवाचं नाव, खाली आजाऱ्याचं, शेवटी आज्ञा. बायका हंबरडा फोडायच्या. पुरुषही रडायचे, पण डोळ्यांत धूळ गेली म्हणायचे.

रविवारी माझ्या शेजारणीच्या, नझीमाच्या लेकीचं नाव उमटलं : 'रहमा, नझीमाची मुलगी. सुई सोड.' नऊ वर्षांची पोर, मधुमेहाची. नझीमाने त्याच दिवशी इन्सुलिन मोरीत ओतलं.

मी हेस्केल, तोरा हा आमचा धर्मग्रंथ हाताने लिहिणारा लेखनिक. संशय मला रविवारीच आला होता. पण कातड्यावर देवाचं नाव होतं आणि ते पुसणं आमच्यात महापाप, म्हणून ओलं बोट लावून शाई ताजी आहे का ते बघायचीही माझी छाती झाली नाही. त्या भामट्याने हे नेमकं ओळखलं होतं. नाव भक्तीने लिहिलेलं नव्हतं, ढाल म्हणून लिहिलं होतं.

मंगळवारी रहमा आईच्या मांडीवर धापा टाकत होती. डोळे खोल गेलेले, सारखं पाणी मागायची आणि ओकायची.

"रब्बी, पोर सुकत चाललीय हो!" नझीमा म्हणाली.

"विष बाहेर पडतंय, बाई. दुबळी श्रद्धा घेऊन येतेस आणि वर तक्रार करतेस?" असं म्हणत त्याने तिच्यावर आणि आम्हा पुढच्या लोकांवर पाणी उडवलं.

चार थेंब माझ्या बोटांवर पडले. सकाळीच मी शाईसाठी मायफळं, ओकच्या झाडावरच्या तुरट गाठी, कुटून उकळली होती, बोटं पिवळी होती. बघता बघता ती काळी पडली.

गेली तीस वर्षं मी हीच शाई बनवतोय. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की सगळं काळं होतं. इतकं सोपं! माझी मलाच लाज वाटली.

"रब्बी, त्या पाण्याची सुरई द्या जरा," मी म्हणालो.

"आला उंटावरचा शहाणा! पोथीला हात लावशील तर नाव पुसल्याचं पाप लागेल!"

"पोथी ठेवा तुमच्याजवळ. मला फक्त पाणी हवंय."

त्याच्या शेल्याजवळ त्याचाच चहाचा पेला होता, आमच्यासारखाच कडक, दुधाविना. मी सुरई हिसकावली आणि पेल्यात ओतली. लालसर चहा शाईसारखा काळा झाला.

"हे हिराकसाचं पाणी," मी ओरडलो. "मायफळाच्या फिक्या काढ्याने हा रात्री नावं लिहितो, वाळली की दिसत नाहीत. कोणती नावं? तुम्हीच चिठ्ठीवर दिलेली! मायफळातलं तुरट द्रव्य चहातही असतं, म्हणून तो काळा झाला. आता याच्या चहातून कुठला प्राचीन पंथ बोलतोय, विचारा त्याला!"

"चहा... चहासुद्धा पवित्र होऊ शकतो," नहोराई पुटपुटला.

"मग पी!" मागून कुणीतरी म्हणालं. तो प्यायला नाही. झगा गोळा करून मागच्या दाराकडे निघाला, तिथे लोकांनी त्याला धरला.

नझीमा माझ्याकडे बघत राहिली. "काका, मग तिचं नाव? ते देवानं नव्हतं लिहिलं?"

"तूच लिहिलं होतंस, बाई. शनिवारी सूर्य मावळल्यावर, चिठ्ठीवर. ऊठ, दवाखान्यात चल!"

रहमाला मी उचललं. अंगात वजन असं उरलंच नव्हतं. तीन दिवस ती बेशुद्ध होती, चौथ्या दिवशी तिने चहा मागितला.

मी श्रद्धाळू माणूस आहे. देवाचं नाव लिहिण्याआधी आजही अंघोळ करतो. पण ते नाव पुढे करून कुणी तुमचं तोंड बंद करत असेल, तर तिथेच तोंड उघडा. औषध सोडा म्हणणाऱ्याला आधी डॉक्टरसमोर उभा करा. मी दोन दिवस गप्प बसलो, आणि ते दोन दिवस एका नऊ वर्षांच्या पोरीने भोगले.