नावाआधीचा शब्द

मी एक जुना टॅब आहे. काच तडकलेली, एक कोपरा चेपलेला. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मला 'खोटं पुस्तक' म्हणतात. म्हणोत. मित्रांनो, मी स्पष्टच बोलणार आहे. गोड बोलायला मला कुणी तिळगूळ दिलेला नाही.

करोनात शाळा बंद होत्या त्या वर्षी सीमाच्या अभ्यासासाठी मला घरी आणलं. ती कॉलेजला गेली, तिला नवा मोबाईल मिळाला आणि मी ज्वारीच्या कोठीवर धूळ खात पडलो. तिथून मला उचललं तिच्या आईनं, भारतीनं. सातवी शिकलेली, दर हंगामात ऊसतोडीला जाणारी बाई. वाचनाचं वेड, पण डोळे अधू झाले आणि बारीक छापाची पुस्तकं हातातून सुटली. माझ्या काचेवर तिनं दोन बोटं फाकवली आणि अक्षर बोराएवढं झालं. त्या दिवशी चुलीवरचं कालवण करपलं.

देवळाली प्रवराच्या उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत, एका हंगामात तिनं माझ्यावर अकरा पुस्तकं वाचली. मोठ्यानं. शेजारची केशरबाई भाकरी थापता थापता ओरडायची, "भारते, म्होरं वाच की! त्या पोरीचं काय झालं?"

गावी परतल्यावर केशरबाईही वाचनालयातून पुस्तकं नेऊ लागली. पुढं वाचनालयाच्या वैजनाथ गुरुजींनी वाचक महिलांचा सत्कार ठरवला. सगळ्यात जास्त पुस्तकं वाचून भारती पहिली आली. तिनं सगळ्यांसमोर दोन पानं वाचायची होती.

"भारतीताई, हातात खरं पुस्तक घ्या," गुरुजी म्हणाले. "टॅबवरचं वाचन ते काय वाचन? पानांचा वास यायला हवा."

"गुरुजी, मी वास घेत न्हाई, वाचते."

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात फ्लेक्स लागला. 'प्रथम : नवबौद्ध वाचक भारती. द्वितीय : राजेश्वरी. तृतीय : केशरबाई.' भारती फ्लेक्ससमोर थांबली.

"गुरुजी, राजेश्वरीच्या नावाआधी काय लावलंय?"

"काही नाही."

"मग माझ्याच का?"

"अहो, चांगल्या मनानं लिहिलंय. सरकारी शब्द आहे."

"माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. सत्तर वर्षं झाली. आमी अजून नवेच? सून बी एवढे दिस नवी ऱ्हात न्हाई! बौद्ध हाय हे मी छाती ठोकून सांगंन. पर ते मी सांगंन. पुस्तकं भारतीनं वाचलीत. तेवढंच लिवा."

"आता छापून झालंय. वर या, सत्कार घ्या."

मला तिचं म्हणणं कळलं. कागदाच्या पुस्तकाला कुणी 'कागदी पुस्तक' म्हणत नाही. माझ्यातल्या पुस्तकाला मात्र 'ई' चिकटवतात. ज्याला आपल्यात बसवायचं नसतं, त्याच्या नावाला चिठ्ठी लावायची. माझं सोडा, मी यंत्र आहे. मला ना पाणवठा लागतो, ना भाड्याची खोली. माणसाला ती चिठ्ठी पिढ्यान्‌पिढ्या वागवावी लागते, आणि लावणारे वर म्हणतात, चांगल्या मनानं लावली!

भारती व्यासपीठावर गेली नाही. मांडवाच्या शेवटच्या रांगेमागं उभी राहिली, मला उघडलं आणि वाचू लागली. आधी केशरबाईनं खुर्ची फिरवली. मग राजेश्वरीनं. बघता बघता सगळ्या मांडवाची पाठ व्यासपीठाकडं झाली. गुरुजी शाल-नारळ घेऊन वर एकटेच उभे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मी करणार नाही. मी बंद पडलो की खुशाल भंगारात द्या. जपायचंच असेल तर समोरच्या माणसाचं नाव जपा. ते त्यालाच विचारा, नीट उच्चारा आणि त्याच्या आधी तुमच्या पदरचं काही चिकटवू नका. एवढं जमत नसेल, तर निदान बाजूला सरका. भारती वाचतेय, तुमची सावली पडते.