आवाज नसलेल्या भाषेचा हेवा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला दोन हातांचा हेवा वाटतो. मित्रांनो, हसू नका. माझी जागा एखाद्या मोबाईलने घेतली असती, तर मी गप्प बसलो असतो. तो आपल्याच जातकुळीतला, थोडा पुढे गेलेला. पण हात? त्यांना ना वायर, ना बटण, ना आवाज.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने झाकण बसवले. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने माझ्या तोंडाशी येऊन कंटाळलेल्या आवाजात "हॅलो, हॅलो" म्हटले, मी ते जसेच्या तसे परत केले, आणि मी पास झालो.

मला विकत घेणारे सर तेव्हा तरुण होते. ते घरच्या पुढच्या खोलीत फ्रेंच शिकवत. त्यांनी सगळे धडे स्वतःच्या आवाजात माझ्यावर भरले. आधी एक वाक्य, मग तेवढीच रिकामी जागा, मग पुढचे वाक्य. त्या रिकाम्या जागेत विद्यार्थ्याने बोलायचे. कुणी अडखळे, कुणी लाजून गप्प बसे. मी प्रत्येकाची वाट पाहत असे. सर पालकांना सांगत, "मी चिडतो, हा चिडत नाही." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे फुगून चाललो. मी चालू असताना घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, कुकरची शिट्टीसुद्धा धडा संपेपर्यंत थोपवून धरत.

मग दिवस पालटले. मुले फोनवर भाषा शिकू लागली. पुढच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून आत गेल्या आणि माझ्यावर जुन्या टॉवेलचा तुकडा आला. बाई अधूनमधून भंगारवाल्याचा विषय काढत. सर म्हणत, "थांब जरा. लेकीला लागेल."

सरांच्या लेकीला त्या वर्षी विद्यापीठात भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला होता. विभागाची एक अट होती. वर्ग सुरू होण्याआधीच्या सुट्टीत प्रत्येकाने एक नवी भाषा निवडायची, तिचे सुरुवातीचे शिक्षण घ्यायचे आणि पहिल्याच आठवड्यात त्या भाषेत सगळ्यांसमोर बोलायचे. सरांनी अट ऐकली आणि माझ्यावरचा टॉवेल काढला. माझे डोके कापसाने पुसले, नवा पट्टा आणून बसवला. मी पुन्हा फिरू लागलो. लेक माझ्यासमोर बसणार, फ्रेंच शिकणार आणि मी भंगारात जायचा वाचणार, असे आम्हा दोघांच्या मनात पक्के ठरले. लेकीला विचारायचे मात्र दोघांकडूनही राहिले.

तिने जेवताना सांगितले की, ती खुणांची भाषा शिकणार आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक शिक्षिका घरी येऊन शिकवणार होत्या. त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हते.

सरांनी घास खाली ठेवला. "आणि फ्रेंच?"

"ते मला येतंच, बाबा. भिंतीपलीकडून ऐकत मोठी झालेय मी. विभागाला नवी भाषा हवीये." मग ती म्हणाली, "प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं, भाषा कशाची बनते? मी म्हटलं, आवाजाची. त्यांनी विचारलं, नेहमीच? तेच शोधायला ही भाषा घेतलीय."

जेवण झाल्यावर सरांनी टॉवेल पुन्हा माझ्यावर टाकला. घडीसुद्धा नीट घातली नाही.

शिक्षिका येऊ लागल्या. तरुण, चटपटीत, बोटांत एकही अंगठी नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी लेकीला कानात कापसाचे बोळे घालायला लावले. शिकताना कानांची मदत घ्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. आणि मग ते हात सुरू झाले. मी टॉवेलच्या फटीतून बघत होतो. ते हात उघडत, मिटत, मध्येच थबकत, आणि आमची लेक, जिला ती पाळण्यात असल्यापासून मी ऐकत आलो, ती खदखदून हसे. ती कशाला हसली ते मला कळत नसे. माझ्या अंगाचा तिळपापड होई. त्यात एकदा शिक्षिकांनी माझ्यावर आपली पर्स ठेवली. मला स्टूल समजल्या असाव्यात.

सरांचेही काही वेगळे नव्हते. ते आतल्या खोलीत पुस्तक धरून बसत आणि पान उलटत नसत. एका दुपारी त्यांचा धीर सुटला. त्यांनी मला उचलले, मधल्या दाराच्या उंबऱ्याशी आणून ठेवले आणि स्टेशनचा रस्ता विचारायचा धडा लावला. आवाज पूर्ण मोठा केला. मीही कसर ठेवली नाही. इतक्या वर्षांची वाफ त्या दुपारी बाहेर पडली. खिडक्यांची तावदाने थरथरली.

टेबलाशी बसलेल्या दोघींची मान हलली नाही. एकीला ऐकू येत नव्हते, दुसरीच्या कानांत बोळे होते आणि डोळे हातांवर.

वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका खाली आले, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. म्हणाले, "सर, स्टेशनचा रस्ता आता आख्ख्या बिल्डिंगला समजला. बंद करा की."

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिसरी बहिरी मी असते तर बरं झालं असतं."

सर हट्टाला पेटले होते. तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी अडकले. सरांचा तरुण आवाज आधी जाडाभरडा झाला, मग रेड्यासारखा, मग बंद. टेपची फीत माझ्या चाकाला गुंडाळली गेली होती. सर गुडघ्यांवर बसून ती ओढू लागले. त्या फितीची दुसरी प्रत नव्हती. ते जितके ओढत तितकी ती ताणली जात होती.

त्यांना वाकलेले पाहून शिक्षिका उठल्या. शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी सरांचे मनगट धरले. मग दुसरा तळहात हवेतून हळूहळू खाली आणला, अगदी सावकाश. त्या खुणेचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. सरांनी ओढणे थांबवले. शिक्षिकांनी नखाच्या टोकाने फीत चाकावरून सोडवली आणि सरांनी पेन्सिलीने ती परत गुंडाळली. एक जागा चुरगळली ती कायमची, बाकी धडा वाचला.

सर आभार मानायला गेले. तोंड उघडले आणि मिटले. लेकीकडे वळून म्हणाले, "कसं म्हणायचं यांना?"

लेकीने बोळे काढले होते. म्हणाली, "मला काय विचारता? त्यांना विचारा."

सरांनी हात वर केले आणि ते तसेच अधांतरी राहिले, नव्या विद्यार्थ्यासारखे. शिक्षिका वाट पाहत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, मदतही केली नाही. मित्रांनो, त्या क्षणी माझा जेवढा जळफळाट झाला तेवढा कधीच झाला नव्हता. वाट पाहणे हे एकच काम मला सगळ्यांपेक्षा चांगले येते, असे मी धरून चाललो होतो.

उरलेली सुट्टी सरही त्याच टेबलाशी शिकायला बसले. मग सुट्टी संपली. लेकीने विभागात खुणांनी भाषण केले आणि ती वसतिगृहातच राहिली. भंगारवाल्याचा विषय आता निघत नाही, कारण मी उपयोगी पडतो. रविवारी सर फोन माझ्या पाठीला टेकवून उभा करतात आणि पडद्यावरच्या लेकीशी हातांनी बोलतात. ते चुकतात, ती थांबते, ते पुन्हा करतात.

जुन्या यंत्रांना अधूनमधून चालवत जा, मित्रांनो. बंद पडून राहिलो की आमचे पट्टे सैल होतात. आणि तुमच्या घरातल्या कुणी तुमची भाषा सोडून दुसरी निवडली, तर आपला आवाज वाढवू नका, जवळ जाऊन बसा. मी जवळच असतो, फोनला पाठ देऊन. परवा ते दोघे बराच वेळ हसत होते. या घरातला प्रत्येक शब्द मी ऐकला आहे, आणि ते कशाला हसले हे मला अजून कळलेले नाही.