पाचवं पान

संपादिकेनं एका खगोलशास्त्रज्ञ बाईंच्या चरित्राचं पुस्तक उघडून त्याच्याकडे फिरवलं आणि पाचव्या पानावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"सर, एवढं एकच राहिलंय. याला आधार काय?"

म्हाताऱ्या लेखकानं चष्मा पुसला. पान त्याला पाठ होतं, तरी तो वाचत असल्यासारखा वाकला. बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी गच्चीवर बसते, दिसतील तेवढे तारे लक्षात ठेवते आणि सकाळी घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं मांडते. वडील भिंतीला चुना फासतात. ती पुन्हा काढते, ते पुन्हा फासतात. असं तीनदा होतं. शेवटची ओळ अशी होती: 'चौथ्यांदा मात्र वडिलांनी भिंत तशीच राहू दिली.'

"बावीस वर्षांपूर्वीचं आहे," तो म्हणाला. "कुठंतरी वाचलं असेल."

"मी सगळं पालथं घातलं. पत्रं, वह्या, वेधशाळेचे कागद. बाईंनी ताऱ्यांची यादी करायला घेतली, त्याच्या आधीचं एक अक्षर शिल्लक नाही. आणि तुमच्यावरून हा प्रसंग आणखी चौघा लेखकांनी उचललाय. एका शाळेनं तर नाटुकलं बसवलंय. चुना फासणारे वडील म्हणे भलत्याच टाळ्या घेतात."

ती हसली. तो हसला नाही.

"सोमवारी नवी आवृत्ती छापायला जाईल. आधार मिळाला तर पान ठेवू, नाहीतर तिथं आकाशाचा नकाशा टाकू. उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवू नये, एवढंच."

"घरी बघून सांगतो," तो म्हणाला.

घरी बघण्यासारखं काही नव्हतं. थोर स्त्रियांची अशी एकोणीस चरित्रं त्यानं मुलांसाठी लिहिली होती. प्रत्येक बत्तीस पानांचं. प्रकाशनाच्या जुन्या मालकांचा दंडकच होता, पाचव्या पानावर बालपणीचा प्रसंग हवा. तिथवर काही घडलं नाही तर पोरं पुस्तक मिटतात. अठराजणींचं काही ना काही सापडलं होतं. हिचं सापडेना. छपाई तोंडावर आली तेव्हा एका दुपारी त्यानं ते पान एकटाकी लिहून काढलं. एरवी साध्या पत्राचे तीन कच्चे खर्डे करणारा तो. त्या पानात एकही खाडाखोड झाली नव्हती.

बाकीची अठरा पुस्तकं निघाल्याबरोबर त्यानं थोरल्या बहिणीला नेऊन दिली होती. हे दिलं नव्हतं.

रविवारी तो तिच्याकडे गेला तेव्हा ती खिडकीपाशी बसून बटणं निवडत होती. पन्नास वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले होते. आता नजर गेल्यातच जमा होती, पण बोटं शाबूत होती. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची दुसरीकडे. शेजारी शिवणयंत्रावर चादर घातलेली.

"किडोबा ना रे?" मान न वळवता ती म्हणाली. पुस्तकातला किडा म्हणून लहानपणी पाडलेलं नाव. "चोरासारखं चालायची सवय काही गेली नाही तुझी."

"ताई, एक पान वाचून दाखवायचंय."

"मग वाच की. परवानगी कसली मागतोस? एवढी अठरा पुस्तकं ऐकली, तेव्हा नाही विचारलंस."

तो वाचू लागला. गच्चीपर्यंत तिची बोटं चालू होती. भिंत आली तशी थांबली. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज इतका खाली गेला, की ती पुढं झुकली.

"कुणाचं म्हणालास हे?"

त्यानं त्या बाईचं नाव सांगितलं.

"तीपण काढायची?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ताईनं मांडीवरचं एक बटण उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"कोळसा नव्हता," ती म्हणाली. "विटेचा तुकडा होता. कोळशाला आईनं हात लावू दिला असता होय?"

"हो. वीट होती."

"आणि चुन्याची बादली कोण धरायचं, ते गाळलंस."

त्यानं पुस्तक मिटलं. चौथ्यांदा चुना फासून झाल्यावर वडिलांनी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं होतं आणि त्याच आठवड्यात हे यंत्र घरात आलं होतं. त्याला मात्र पाठीवर शाबासकी मिळाली होती.

"सहा वर्षांचा होतो गं मी."

"मग मी कुठं काय म्हणतेय? दोन्ही हातांनी धरायचास, जीभ बाहेर काढून. अर्धा चुना पायावर." ती किंचित हसली. "एवढी वर्षं आणलं नाहीस ते यापायी?"

त्यानं मान हलवली, मग तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "हो. तुला न विचारता तुझं उचललं आणि दुसरीला देऊन टाकलं. आता ते आधार मागतायत. नसला तर पान काढतील. काय सांगू त्यांना?"

"सांगायचंय काय त्यात? तिचं नाहीच ते. माझं आहे." तिनं हात पुढं केला. "दे इकडं."

तिनं शिवणीच्या कडेला अंगठा टेकवला आणि दुसऱ्या हातानं कात्री चाचपली.

"मागच्या बाजूला सहावं पान आहे," तो घाईनं म्हणाला. "तेही जाईल."

"त्यावर काय आहे?"

"दुर्बिणीचं चित्र."

"जाऊ दे. दुर्बीण आपल्याकडं नव्हतीच."

कापड बेतावं तसं तिनं पान सरळ कापून घेतलं. मग ते मांडीवर पसरलं.

"ती शेवटची ओळ कुठं आहे? बोट ठेव."

त्यानं बोट ठेवलं. त्याच्या वरून कात्री फिरली आणि एक बारीक पट्टी सुटी झाली. पानाची घडी करून तिनं बटणांच्या डब्यात ठेवली, वर झाकण लावलं. पट्टी त्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"हे तुझं."

सोमवारी त्यानं ते पुस्तक संपादिकेपुढं ठेवलं. तिनं चौथं पान काढलं, तर समोर सातवंच आलं. कापल्याची रेघ तिनं बोटानं तपासली.

"आधार नाही," तो म्हणाला. "नकाशाच टाका. त्या चौघांना आणि शाळेला मी पत्रं लिहितो. चूक माझी आहे असं."

"म्हणजे सगळं रचलेलं होतं, सर?"

त्यानं चष्म्याचं घर उघडलं. आतली कागदाची पट्टी टेबलावर पडली. तिनं ती उचलून वाचली. मागच्या बाजूला दुर्बिणीचे तीन पाय होते.

"नाही," तो म्हणाला आणि पट्टीसाठी हात पुढं केला. "रचलेलं एवढंच होतं."