मारायला कोणी आलं नाही

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॅल्सी गावात काळ्यांची एक शाळा होती, टर्नर हिल. छप्पर गळकं, आणि पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली. पहिल्या पानावर गोऱ्या पोरांची नावं नि वात्रट चित्रं. त्या शाळेत लुव्हीनिया क्रेनशॉ गणित शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेला बाप्या बाजारात भेटला, तरी टोपी काढून "मिसेस क्रेनशॉ" म्हणायचा. गोऱ्यांच्या दुकानात मात्र ती नुसती लुव्हीनिया. गल्ल्यावरचं मिसरूड न फुटलेलं पोरगं तिला विचारायचं, "काय हवंय गं तुला?"

काळ्यांच्या चर्चचे नवे पाद्री, रेव्हरंड आयझाया मोब्ली, गावात आले ते एकोणीसशे त्रेसष्ट साली. बुटके, पोट सुटलेले. पहिल्या रविवारी लोकांना वाटलं, हा माणूस काय लढणार! पण त्यांनी चर्चच्या तळघरात भलताच वर्ग भरवला. मार कसा खायचा, याचा. अर्ध्यांनी गोरं व्हायचं. शिव्या द्यायच्या, थुंकायचं, केस ओढायचे. उरलेल्यांनी हात उचलायचा नाही आणि नजरही खाली घालायची नाही.

लुव्हीनियाच्या वाट्याला गोरा म्हणून आला तिचा नवराच. रॉस्को लाकडाच्या गिरणीत ओंडके वाहायचा. असला दांडगा गडी, पण बायकोच्या डोक्यावर पेलाभर पाणी ओतायची वेळ आली, तसा पेला धरून नुसता उभा राहिला.

"ओत की रे," ती म्हणाली. "घरी भांडताना बरा जोर येतो तुला!"

सगळं तळघर खदखदलं. रेव्हरंडही हसले, मग म्हणाले, "त्यांना आपला राग बघायचाय. तो द्यायचा नाही. त्यांचा राग मात्र साऱ्या जगाला दिसू द्यायचा."

आणि तो दिसला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मोर्चा अडवला तेव्हा पोलिसाच्या दांडक्याने लुव्हीनियाचं मनगट मोडलं, तशी ती खाली बसली आणि मोडका हात छातीशी धरून बाकीच्यांबरोबर गात राहिली. तिचा फोटो दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. रॉस्कोची गिरणीतली नोकरी त्याच आठवड्यात गेली. पण पाण्याच्या नळांवरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी' पाट्या उतरल्या. औषधांच्या दुकानात खाण्याचा काउंटर असे, तिथे आजवर फक्त गोरे बसत; तिथे तिने सर्वांदेखत आइस्क्रीम खाल्लं. फारच गोड होतं, तरी बशी चाटूनपुसून संपवली. मनगट वाकडंच जुळलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. उलट फळ्यावर लिहिताना बाही जरा मागेच सारायची.

सत्तर साली कोर्टाचा हुकूम आला की गावात काळ्या-गोऱ्यांची शाळा एकच. त्या रात्री चर्चमध्ये लोक बाकांवर चढून नाचले.

महिन्याभरात शाळामंडळाने टर्नर हिलला कुलूप लावलं. मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाणार, मास्तर कुठे जाणार ते कोणी बोलेना. शर्यतींत जिंकलेले कप, पास झालेल्या मुलांचे चौकटीतले फोटो, सगळं गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेलं. रॉस्कोने ते डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन तो बराच वेळ अंगणात लाकडं फोडत राहिला.

लुव्हीनिया शाळामंडळाचे साहेब हॅडॉक यांच्याकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली. कॉफी विचारली.

"हे बघ लुव्हीनिया, एकच शाळा हवी हा हट्ट तुमचाच ना? आता एका शाळेत दोन-दोन गणिताचे मास्तर कशाला?"

"मग दुसऱ्याला काढा. तो परवा परवा लागलाय."

हॅडॉक हसले. "लोकांना पचायला वेळ लागतो गं. तू असं कर, लायब्ररीत ये. पुस्तकांना कव्हरं घालायची, कपाटं लावायची. कुणाचं मन मोडायला मला आवडत नाही."

"थूक त्या नोकरीवर," रॉस्को घरी म्हणाला.

"थुंकले असते. पण त्या इमारतीत आपला एकही मास्तर नाही, आणि डेल्फीन तिथे जाणार आहे. मी निदान आत तरी असेन."

डेल्फीन त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती धावतच घरी आली. "आई, प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाला गॅसची तोटी आहे! आणि पुस्तकं कोरी. नव्या कागदाचा वास येतो!" लुव्हीनियाने तोंड चुलीकडे वळवलं. याच्यासाठीच तर मनगट मोडून घेतलं होतं. तरी आत कुठेतरी मिरची लागल्यागत झोंबलं.

फेब्रुवारीत एका गोऱ्या मुलाने लायब्ररीत टेबलावर पाय टाकून हाक मारली, "ए लुव्हीनिया, ते नकाशाचं पुस्तक आण इकडे."

"मिसेस क्रेनशॉ म्हणायचं," ती शांतपणे म्हणाली. "आणि पाय खाली."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर प्रुइट यांनी तिला बोलावलं. मुलाची आई रागावली होती. लुव्हीनियाने तिची माफी मागावी, विषय मिटेल.

"नाही मागणार," ती म्हणाली. बाहेर आली आणि ऑफिसच्या दारासमोर जमिनीवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, तळघरात शिकवलं होतं तस्सं.

निरोप कसा पोचला कोण जाणे. दुपारी रेव्हरंड मोब्ली काठी टेकत आले. हळदीसारखे पिवळे पडलेले डोळे, सैल झालेला कोट. भिंतीला धरून तिच्या शेजारी बसले.

"सिस्टर क्रेनशॉ, जागा आहे ना?" चर्चमधल्या सगळ्या बायकांना ते सिस्टरच म्हणत.

"हवी तेवढी. गर्दी कुठेय?"

त्यांनी चर्चच्या लोकांना बोलावणं धाडलं होतं. कोणाची मुलं याच शाळेत, कोणाला गिरणीत नुकतंच परत घेतलेलं. कोणीही आलं नाही.

घंटा झाली. दारं उघडली. मुलं त्यांना वळसा घालून जाऊ लागली, कोणी कुजबुजत, कोणी न बघताच. डेल्फीन दोन मैत्रिणींबरोबर आली. मायलेकींची नजरानजर झाली. पोरीने पुस्तकं छातीशी घट्ट धरली आणि ती वर्गात गेली.

लुव्हीनिया रेव्हरंडना म्हणाली, "मार खायचं तुम्ही शिकवलंत. हे शिकवलं नाहीत."

"मला तरी कुठे येतं?" ते म्हणाले. "मारणाऱ्याला जग बघतं. हे कोणी मारायलाच येत नाहीत."

प्रुइट बाहेर आले. "आरामात बसा. पाणी हवं असेल तर नळ तिकडे आहे." एवढं बोलून ते तिच्या पायांवरून ढेंग टाकून गेले. नळावर पाटी नव्हती. तसल्या पाट्या गावभर याच दोघांनी उतरवायला लावल्या होत्या.

शाळा सुटली. झाडूवाला ओटिस, त्यांच्याच चर्चचा, बादली घेऊन आला. मान वर न करता म्हणाला, "सिस्टर, पाय जरा उचला. पुसून घेतो." त्यांनी पाय उचलले. त्याने पुसलं, आणि जाताना दिवे मालवले.

अंधार पडता पडता रॉस्को ट्रक घेऊन आला. रेव्हरंडना उठता येईना, गुडघे धरले होते. दोघांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचललं.

"किती हलके झालात हो तुम्ही," रॉस्को म्हणाला.

"उपास करतो ना," रेव्हरंड म्हणाले. तो विनोद होता, पण हसलं कोणीच नाही.

घरी डेल्फीनने मक्याची भाकर करून ठेवली होती. ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, माझी रसायनाची परीक्षा होती. मी तुझ्याशेजारी बसले असते, तर मला शाळेतून काढून टाकलं असतं."

"माहीत आहे. जेव."

"तू रागावलीस."

"जेव म्हटलं ना!"

सकाळी लायब्ररीत दुसरी बाई होती, गोरी, चेहऱ्याने भली. लुव्हीनियाचा कोट तिने नीट घडी करून दाराशी ठेवला होता.

रेव्हरंड मोब्ली मेमध्ये गेले. दफनाला हॅडॉक आले होते. काळ्या पट्टीची टोपी छातीशी धरून ते म्हणाले की या थोर माणसाने आपल्या गावाला शांततेचा मार्ग दाखवला, आणि इथे सगळं किती सुरळीत पार पडलं ते साऱ्या देशाने बघावं. लोकांनी आमेन म्हटलं. रॉस्को उठायला लागला, तसा लुव्हीनियाने त्याच्या मांडीवर हात दाबून त्याला खाली बसवलं.

"का?" तो दातओठ खात म्हणाला.

"पेपरवाले फोटो काढतायत," ती म्हणाली. "त्यांना तुझा रागच हवाय."

डेल्फीन रसायनात पहिली आली.