काळ्या कड्याची चकती

धान चुरताना आईच्या डोळ्यात तूस गेलं. शेजारच्या सुलोचनाबाईंनी ते जिभेने काढलं. आमच्या कोंढा गावात असंच काढतात. मग डोळ्यात पांढरा ठिपका आला. त्याला आमच्याकडे फूल म्हणतात, अन् फूल म्हटलं की झालं! आई म्हणे, "फूलच तं हाये, झडून जाईन." झडायची वाट पाहता पाहता डोळा लालभडक झाला.

नागपूरच्या डॉक्टरांनी बुरशी सांगितली. औषधं लागू पडेनात, म्हणून ठिपक्यातून कणभर तुकडा काढला. बुरशी वरच्याच थरात असेल तर औषध वाढवायचं. तळापर्यंत गेली असेल तर डोळाच काढायचा.

तुकडा माझ्या मावसबहिणीकडे, शालूताईकडे आला. ती तिथेच सूक्ष्मदर्शकांवर संशोधन करते. रंग लावला की बुरशी चमकते, आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक तुकड्याचा एकेक थर वेगळा दाखवतो. पण ताईचा फोन आला तो वैतागलेलाच.

"आडवं मस्त दिसून राहिलं, पण खोलीत सगळं ताणल्यासारखं. वरची चमक खाली ओघळते. तळाशी बुरशी हाये का नाही, समजतच नाही."

"मग तुझी चकती लाव ना!" मी ओरडलेच. ताईने संशोधनात बनवलेली ती चकती मला तोंडपाठ आहे: मधोमध उघडी, काठाला उघडी, दोन्हींमध्ये काळं कडं. भिंगामागे बसवली की उजेड कमी होतो, पण थर पातळ दिसतो. शाळेच्या प्रदर्शनात मी तिच्यावर असं बोलले होते की मॅडमनाच थांबवावं लागलं!

"लावतो. पण रीता, साफ दिसलं म्हणजे चांगलंच दिसते असं नाही."

"चांगलंच दिसन, पाहजो तू!"

आईला सांगितलं तर ती हसली. "उजेड कमी करून जास्त दिसते? मंग मी तं आतापावेतो डॉक्टरीण झाली असती."

दुपारी फोटो आले. वर बुरशीचे हिरवे धागे, त्याखाली निव्वळ काळं. "आई, खाली काहीच नाही!" मी नाचायलाच लागले. बोटाने पुढचे फोटो सरकवले. काळं, काळं, आणि अगदी तळाशी पुन्हा धागे. दाट.

मी ताईला फोन लावला. "कड्यामुळे खोटी चमक येते, तूच सांगितलं होतं."

"ते फिक्कट असते, रीता. हे तसं नाही. मी चकती काढून-लावून पाहिलं."

आई समोरच बसली होती. तिने चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि आजारी डोळ्याने माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"दिसते का?" मी विचारलं.

"उजेड दिसते." हात तसाच ठेवून ती म्हणाली, "शालूले सांग, काढा म्हणा."