मुकी सवारी

मित्रांनो, परतवाड्याच्या स्टँडमागे बाभळीखाली एक गंजलेली काळी-पिवळी जीप उभी आहे. तिच्या टपावर कोंबड्या झोपतात आणि मागच्या दारातून एक शेळी खुशाल ये-जा करते. ती जीप म्हणजे मी. तुम्ही पोरं माझ्या बोनेटवर बसून मोबाइल पाहता आणि एकमेकांना नावं ठेवता, ते सगळं मी ऐकते. म्हणून आज बोलते आहे. गोड बोलण्याचं माझं वय राहिलं नाही, तेव्हा थोडं कडू लागेल.

कारखान्यातून मी साधी गाडी म्हणून बाहेर पडले. मला सवारीची, म्हणजे माणसं वाहणारी जीप केली ती अकोल्याच्या जुन्या शहरातल्या मिस्त्र्यांनी. त्यांनी माझी मागची बाजू लांबवली, आडवी बाकं ठोकली, टपाला कठडा बसवला. माणसं कामावर आपली वेगळीच बोली बोलतात, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. दुरुस्तीला आलेली गाडी म्हणजे ‘मरीज’. मालक वारल्यावर पडून राहिलेली गाडी म्हणजे ‘बेवा’, विधवा. ऐकायला टिंगल वाटे, पण बेवा गाडीचा साधा नटसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय कोणी काढत नसे. त्या शब्दाला एक अदब होती.

मला विकत घेतलं नत्थुजींनी. परतवाडा ते अंजनगाव हा आमचा रस्ता. नत्थुजी काळ्या मातीतले शेतकरी, पण जीव रमला तो स्टिअरिंगवर. त्यांना शब्द बनवण्याची भारी हौस. ड्रायव्हरशेजारी बसून जगाच्या उठाठेवी करणारा माणूस म्हणजे ‘मंत्री’. जागेवरून भांडणारी बाई म्हणजे ‘मिरची’. रिद्धपूरला जाणारे महानुभाव पंथाचे लोक चढता-उतरता “दंडवत प्रणाम” म्हणत, म्हणून ते ‘दंडवत’. “दंडवत बसले हायेत, बिड्या इझवा रे,” असं नत्थुजींनी म्हटलं की सगळी गाडी मुकाट्यानं बिड्या विझवायची. सगळ्या स्टँडनं हे शब्द उचलले. ओमप्रकाशसारखे हिंदी बोलणारे ड्रायव्हरही ते वापरू लागले.

त्यांचा सर्वांत चांगला शब्द जन्मला तो एका चुकीतून. लग्न होऊन नुकतीच आलेली त्यांची बायको, पार्वताबाई, माहेरी निघाली होती. ती मागच्या बाकावर बसली. कोणीतरी धाडकन दार लावलं आणि तिचं बोट फटीत चेमटलं. गाडी निघाली. ती पदर तोंडात धरून परतवाड्यापर्यंत तशीच बसून राहिली. नत्थुजींनी दार उघडलं, बोट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“काहून नाही बोलली वं?”

“तुमी गाडी चालवून राहिले होते न,” ती म्हणाली.

ते बोट जन्मभर वाकडंच राहिलं. त्या दिवसापासून, दुखलं तरी न बोलणाऱ्या माणसाला नत्थुजी ‘मुकी सवारी’ म्हणू लागले. नव्या ड्रायव्हरला ते शिकवत, “मुकी बसली का आरशात पाहत राह्य. निंबापाशी गाडी थांबव अन् मांगं जाऊन इचार. दोनदा नाही म्हनते, तिसऱ्यांदा खरं सांगते.” अर्ध्या वाटेवरच्या कडुनिंबाखाली मी कितीदा अशी थांबले असेन. कोणाला ओकारी येत असायची, कोणाला माहेरच्या मयताला पोचायचं असायचं, कोणाचं तान्हं तापलेलं असायचं. नत्थुजी पाणी द्यायचे, पुढची जागा द्यायचे. मंत्र्याला मागे जावं लागायचं. मला तेव्हा माझा फार अभिमान वाटे. लोक हात दाखवून दुसरी गाडी सोडत आणि माझी वाट पाहत.

मग नत्थुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी ओमप्रकाशकडे गेले. ओमप्रकाशनं मला विपुल नावाच्या तरुण ड्रायव्हरच्या हाती दिलं. माणसांसोबत शब्दही हातोहात जातात, मित्रांनो, पण त्यांच्यासोबत आलेली शिकवण वाटेत सांडते. सवारीचा आधी मोजून भरायचा ‘दाना’ झाला, मग नुसता लादायचा ‘लोड’ झाला. मोबाइलमधून नवे नवे शब्द आले, विपुल सगळ्यांना ‘ब्रो’ म्हणू लागला. ‘मुकी’ हा शब्द मात्र टिकला. फक्त आता त्याचा अर्थ होता, कुठंही कोंबा, कितीही वेळ बसवून ठेवा, ही काही बोलायची नाही. शेतमजूर बाया, मेळघाटातून उतरलेले कोरकू आदिवासी, म्हातारी माणसं, सगळे ‘मुकी’. निंबाचं झाड तिथंच होतं. माझा ब्रेक तिथं लागेनासा झाला.

मग एका सकाळी असं झालं. नत्थुजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला पोरीकडे होते. पार्वताबाई एकटीच फाट्यावर उभी होती. केस पिकलेले, एक हात छातीशी. विपुल तिला ओळखत नव्हता.

“मावशी, मांगं बसा.”

पुढे बसलेल्या ओळखीच्या पोरानं विचारलं, “मांगं जागा तरी हाय का बे?”

“मुकी हाय, ब्रो. कुठंबी बसते.”

तिनं ते ऐकलं. बाई हसली, मित्रांनो. आपल्याच घरात जन्मलेला शब्द तो. मागच्या बाकाच्या टोकावर ती बसली आणि वाकड्या बोटाच्या हातानं माझं दार धरून राहिली. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, ही आमच्या धंद्याची रीत. पुढच्या गावात विपुलनं मला बराच वेळ उभं ठेवलं. तिच्या हाताला घाम सुटला होता, तो माझ्या पत्र्याला लागत होता. निंब जवळ आला तेव्हा तिनं मान वर केली आणि पदर सावरला. गाडी थांबणार, कोणी विचारणार, असं तिला वाटलं असावं. विपुलनं गाणं मोठं केलं. निंब मागे पडला.

परतवाड्याला सगळे उतरले.

“मावशी, उतरा न. स्टँड आला,” विपुल म्हणाला. त्यानं ते दोनदाच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची गरज उरली नव्हती, पार्वताबाई बसल्या जागीच गेली होती.

विपुल वाईट पोरगा नव्हता. तो माझ्या चाकाशी बसून ढसाढसा रडला आणि पुन्हा त्यानं गाडी हाती धरली नाही. ओमप्रकाशनं मला बाभळीखाली आणून उभं केलं. पण स्टँड रडत नाही. महिनाभरात तिथं एक नवा शब्द आला. कोणी आजारी दिसलं की ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले, “पार्वता हाय. नोको घेऊ.” म्हणजे ही गाडीत मरेल, लफडं होईल, दुसऱ्याच्या गळ्यात घाल. तो शब्द अंजनगावला गेला, तिथून अकोल्यापर्यंत गेला. तो म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्या बाईचं तोंडही पाहिलेलं नाही.

परवा नत्थुजी आले होते. डोळे आता बरे आहेत. ते माझ्या मागच्या दाराला हात लावून नुसते उभे राहिले. समोर एक बाई मान खाली घालून बसलेली होती. तेवढ्यात तिच्याकडे पाहून एक ड्रायव्हर दुसऱ्याला ओरडून म्हणाला, “पार्वता हाय बे, सोड तिले.”

नत्थुजी वळले. “कोन पार्वता?”

“कोनी नाही, काकाजी. आमचा स्टँडचा शब्द हाय. बिमार सवारी म्हनजे पार्वता.”

नत्थुजींनी माझ्या दारावरचा हात काढला. मग ते त्या बाईजवळ जाऊन उकिडवे बसले.

“बाई, बरं नाही का?”

तिनं मान हलवली. नाही.

“पानी पेतं का, माय?”

नाही.

“कुठं दुखते, सांग मले.”

तिसऱ्यांदा तिनं पोटावर हात ठेवला आणि ती रडू लागली. नत्थुजींनी तिला उठवलं, चालत्या जीपला आडवा हात केला. “इले पुढं बसव,” ते म्हणाले. “पार्वता हाय.”

ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आपला शब्द आला. त्यानं वळसा घातला आणि पुढची जागा रिकामीच घेऊन तो निघून गेला. शेवटी नत्थुजींनी रिक्षा थांबवली, बाईला धरून आत बसवलं आणि तिच्याबरोबर ते दवाखान्याकडे गेले.

मित्रांनो, मला धुऊन काढा, रंग लावा, असं मी तुम्हाला सांगत नाही. पोळा झाला की भंगारवाला येणार आहे, त्याचं आणि ओमप्रकाशचं बोलणं झालं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणाला काय नाव पडलंय, ते आधी कोणाचं नाव होतं, एवढं एकदा विचारा. आणि कोणी गप्प बसलेलं दिसलं तर तीनदा विचारा. माझा पत्रा वितळेल, त्याचं दुसरं काहीतरी होईल. पण स्टँडवर उद्या सकाळी पुन्हा कोणीतरी मान खाली घालून बसेल आणि कोणीतरी पार्वताबाईचं नाव घेऊन तिला सोडून जाईल.