दुसरं बटण

कटरवाला बैठकीला गेला तोही चोरासारखाच. दारू सोडणाऱ्यांचा एक गट त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर भरायचा, दुसरा बाजारामागे. पण तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? वीस वर्षं छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनवर झोकांड्या खाणाऱ्या माणसाला एकाएकी अब्रू आठवली. दवाखान्यातल्या फलकावरून त्याने सगळ्यात लांबचा पत्ता उतरवून घेतला. शहराचं दुसरं टोक, दोन बस, गुरुवारी संध्याकाळी सहा.

बायकोने सकाळीच बजावलं होतं. "तिथे जाऊन एकदा तरी खरं बोलून या. नुसती हजेरी लावून आलात तर उद्या मी पोरीला घेऊन भावाकडे जाते." आदळआपट नाही, रडारड नाही. भरलेली बॅग दाराशी ठेवलेली होती, ती बघूनच त्याला घाम फुटला.

हॉल म्हणजे नाच शिकवायचा वर्ग. एक अख्खी भिंत आरशांची, आणि एक माणूस स्टुलावर चढून त्यांच्यावर चादरी टांगत होता. "नवा माणूस स्वतःचं तोंड बघून पळून जातो," तो पाठमोराच म्हणाला. मग वळला. उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी.

बाइंडर. छापखान्यात दोघांनी शेजारी शेजारी काम केलेलं. कटरवाला मागे वळला, पण पळून जावं तर घरी दाराशी बॅग होती.

"अरे, तू?" बाइंडर हसतच खाली उतरला. "ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून एवढ्या लांब आलास ना? मीही त्याच अकलेने आलो होतो." त्याने डाव्या हाताने चहा ओतला आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. तेही प्रेमाने, हे जास्त वाईट.

बारा-तेरा माणसं गोल बसली. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बैठक चालवायच्या. नव्या माणसाची भीड चेपावी म्हणून बाइंडर आधी बोलला.

"सात वर्षांपूर्वी मी कामावर पिऊन गेलो. कागदाचा गठ्ठा सरळ करताना पात्याखाली हात घातला. माझ्या एप्रनच्या खिशात बाटली सापडली. दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा प्यायल्याचंसुद्धा आठवत नव्हतं, इतकी चढली होती. नोकरी गेली, बायको गेली. मुलगा बोलत नाही, त्याचंही बरोबर आहे. पुढे दोन वर्षं नुसता पडून प्यालो, मग इथे आलो. आता पाच वर्षं थेंब नाही. समोर बार आहे म्हणून अजूनही मागच्या गल्लीने ये-जा करतो."

पिणाऱ्याचं हे असंच असतं. आठवत नाही म्हणजे प्यालोच असणार, असा निकाल तो स्वतःच देऊन टाकतो. साक्षीदार लागत नाही.

मग कटरवाल्याची पाळी आली. बायकोला नेमकं कोणतं खरं हवंय ते तिने सांगितलं नव्हतं. पोरीच्या वाढदिवसाला गटारात पडलो होतो, एवढंही चाललं असतं. पण सात वर्षं छातीवर बसलेलं ओझं उतरवायची ही आयती संधी होती, आणि ज्याच्या डोक्यावर ठेवायचं तो शेजारीच होता. बाइंडरचं भलं व्हावं म्हणून तो बोलला असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं.

"त्या मशीनला दोन बटणं होती," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली यायचं. मी एका बटणात पुठ्ठा खुपसून ठेवायचो, एक हात बाटलीला मोकळा राहावा म्हणून. तुझा हात आत होता आणि मी दुसरं बटण दाबलं. मग पुठ्ठा काढला. बाटली तुझ्या खिशात घातली. तू प्यायला नव्हतास."

"धन्यवाद," बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. तिथे सगळ्यांसाठीच वाजवतात.

बैठक संपल्यावर बाइंडरने सगळे कप धुतले. चादरी काढून घड्या घातल्या. आता आरशात दोघेच उरले.

"म्हणजे मी शुद्धीत होतो."

"हो."

"मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं मी, माफ कर म्हणून." त्याने खिशातून किल्ली काढली. "तुझी बायको आहे घरी?"

"आहे."

"पोरगी?"

"आहे."

"बरंय." त्याने हॉलची किल्ली कटरवाल्याच्या हातात ठेवली. "पुढच्या गुरुवारी खुर्च्या तू मांड. मी नसेन."

बाइंडर पुढच्या दाराने बाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि बारमध्ये शिरला. कटरवाल्याने त्याला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची बस आली, आणि तो बसमध्ये चढला.

घरी बायको उंबऱ्यातच उभी होती. "बोललात खरं?"

"बोललो."

"सगळं?"

"सगळं."

तिने त्याचा चेहरा नीट निरखला. इतक्या वर्षांच्या थापा ओळखणारी बाई ती, हे खरं आहे हे तिला लगेच कळलं. तिने बॅग उचलली आणि कपडे परत कपाटात लावायला घेतले. पोरीने न सांगता पाणी आणून दिलं. त्याने खिशातली किल्ली काढून खुंटीला अडकवली.

"ही कसली?" बायकोने विचारलं.

"हॉलची. पुढच्या वेळेपासून खुर्च्या मी मांडायच्या."

"पहिल्याच दिवशी एवढा विश्वास टाकला तुमच्यावर?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.